एका कडव्याचा उशीर

हात वर गेले तेव्हा लमदुआनला आधी चेहरा दिसला नाही, कोपर दिसलं. कसरतीचं तिसरं गाणं चालू होतं. स्टेजवरून ती माइकमध्ये "वर, आणि खाली, आणि वर" म्हणत होती, तळ्याकाठच्या फरशीवर रांगांमागून रांगा हात वर नेत होत्या, खाली आणत होत्या, आणि सगळ्यांत मागे, नारळाच्या आइस्क्रीमच्या गाडीजवळ, एक डावा हात पुरता सरळ होत नव्हता. गंजलेल्या बिजागरीची खिडकी अडते तसा कोपरापाशी अडत होता. लहानपणी चिंचेवरून पडून मोडलेला आणि गावच्या वैदूने बांबूच्या कामट्या बांधून आपल्या मताने जोडलेला हात. त्या हाताचे सदरे तिने लग्नाची सगळी वर्षं शिवले होते, डावी बाही बोटभर आखूड ठेवून, म्हणजे अंगात घातल्यावर दोन्ही सारख्या दिसाव्यात. आज अंगात विकतचा निळा टी-शर्ट होता. मग तिने चेहरा पाहिला, पण तो आता नुसता खात्री करून घेण्यापुरता उरला होता. विचियन. थोडा सुकलेला, कानशिलांवर पांढरा झालेला. "आणि वर," ती म्हणाली. तिचे पाय चालूच राहिले. अंगाला या गोष्टीची खबरच नसल्यासारखे ते एक-दोन-तीन-चार करत राहिले, आणि तिला वाटलं, बरं झालं, कोणी एक तरी आपल्या कामावर आहे.

नोंग पेतच्या तळ्यावर शनिवारी संध्याकाळी निम्मं खोन केन शहर लोटतं. चटया अंथरून लोक भाजलेली कोंबडी आणि चिकट भात घेऊन बसतात, बदकाच्या आकाराच्या पायडलच्या नावा एकमेकींना धडकत फिरतात, पाण्याभोवतीच्या लाल वाटेवर धावणारे आणि सायकलवाले एकमेकांना चुकवत जातात. या सगळ्यांच्या मधोमध हे सिमेंटचं स्टेज. तिथून तिला सगळं दिसायचं. कोण गुडघा चोरतं आहे, कोण गप्पा मारतं आहे, कोणाचं लक्ष पोरांकडे आहे. वर उभं राहणाऱ्याला एक उलटी सवय लावून घ्यावी लागते. समोरच्यांना डावीकडे न्यायचं तर तोंडाने डावीकडे म्हणायचं आणि आपण स्वतः उजवीकडे जायचं. सुरुवातीला तिची त्रेधा उडायची, रात्री अंथरुणात पडल्यापडल्या ती डावं-उजवं घोकायची. आता ते इतकं अंगात मुरलं होतं की शिवणाच्या दुकानात कोणी रस्ता विचारला तरी ती एक क्षण थांबून मग सांगायची. मागे विचियन डावीकडेच्या वेळी उजवीकडे गेला, शेजारच्या बाईला धडकला आणि तिच्याकडे बघून असा हसला की चूक तिचीच असावी आणि आपण ती मोठ्या मनाने पोटात घातली. बाईसुद्धा हसली. ते हसू लमदुआनला पाठ होतं. त्या हसण्यावर गावातल्या दुकानदारांनी उधार दिलं होतं, तिच्या आईने मुलगी दिली होती.

तो वाईट माणूस नव्हता, हे तिने स्वतःशी अनेकदा, न चिडता मान्य केलं होतं. तो फार बोलायचा, आणि चांगलं बोलायचा. तिने वाक्य सुरू केलं की तो ते पुरं करायचा, आणि तिच्या मनात होतं त्यापेक्षा त्याचं जास्त देखणं व्हायचं. मग हळूहळू तिने सुरू करणंही सोडलं. पपईच्या चटणीच्या गाडीवर तो सांगायचा, "हिला तिखट कमी." डॉक्टरांकडे तो सांगायचा, हिचं पोट दुखतं. विहारात भिक्खूंनी विचारलं, कसं काय चाललंय, की तिच्या वतीने तो सांगायचा, मजेत. लोक म्हणत, लमदुआन फार शांत आहे, तिला राग म्हणून येत नाही. तिलाही तसंच वाटायचं. मग तो दूर समुद्रकाठी, रयोंगच्या कारखान्यात लागला, आधी महिन्याला यायचा, मग सणाला, आणि एका सोंगक्रानच्या, पाणी उडवायच्या सणाच्या आधी त्याचा फोन आला की या वेळी जमणार नाही, आणि इथून पुढेही नाही. कारखान्याच्या फाटकाशी नूडल्सची गाडी लावणारी एक बाई होती. हेसुद्धा त्याने नीट, समजावून सांगितलं. तिला म्हणायचं होतं ते सगळं त्यानेच म्हटलं, "तुला राग आला असेल, तुला वाटेल मी नीच आहे, तुझं बरोबरच आहे." आणि फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपलं भांडणसुद्धा तोच भांडून गेला. तिच्या वाटणीला काही शिल्लकच ठेवलं नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात शेजारच्या सुवनकाकूंनी तिला या तळ्यावर ओढून आणलं. काकू शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या, अंगाने रुंद, बोलायला फटकळ. "घरात बसून शाळेच्या सदऱ्यांवर पोरांची नावं भरतेस, स्वतःचं नाव तरी आठवतंय का," म्हणाल्या. ती सगळ्यांत मागे उभी राहिली होती. जिथे आता तो उभा आहे, जवळजवळ तिथेच. पुढे कधीतरी ती मधल्या रांगेत आली, मग पुढच्या. एका संध्याकाळी कसरत घेणारा मास्तर आलाच नाही, गाणी वाजत होती आणि माणसं नुसती उभी होती, आणि काकूंनी तिला मागून ढकललं. पहिले काही दिवस तिने माइक घेतला नाही. नुसती हातवारे करायची. मग एकदा मागच्यांना दिसेना, ते ओरडायला लागले, तेव्हा तिने माइक तोंडाशी नेला आणि "डावीकडे" म्हणाली. तळ्याच्या पलीकडच्या काठावरून तो शब्द परत आला. तिने वळून पाहिलं होतं, कोण बोललं म्हणून.

सहा वाजले आणि रोजच्यासारखं पार्कच्या खांबांवरच्या भोंग्यांतून राष्ट्रगीत सुरू झालं. तिने गाणं बंद केलं. सगळा पार्क जागच्या जागी थांबला. धावणारे थांबले, सायकलींवरून पाय खाली आले, कोंबडी भाजणारा हातातला पंखा खाली ठेवून ताठ झाला. नावांतल्या लोकांनीही पायडल मारणं थांबवलं, बदकं आपापली हळूहळू फिरत राहिली. आणि त्या स्तब्धतेत, सगळ्यांची तोंडं एका दिशेला असताना, विचियन सरळ तिच्याकडे पाहत होता. मध्ये काही हलत नव्हतं. हात नव्हते, पाय नव्हते, गाणं नव्हतं. तिला वाटलं, झालं. आता त्याच्या भुवया वर जातील. ती वाट बघत राहिली. तिने केस कापले होते, हे खरं. अंग वाळलं होतं, खांद्यांना आकार आला होता, डोक्यावर टोपी होती. पण डोळे? उभं राहण्याची तऱ्हा? वीस वर्षं एका मच्छरदाणीत झोपलेल्या माणसाला दुसऱ्याच्या उभं राहण्यातून काही कळत नाही? तिला त्याचं कोपर पुरलं होतं. तो तिला आपादमस्तक न्याहाळत होता, कौतुकाने, जशी कोणतीही चटपटीत बाई न्याहाळावी. राष्ट्रगीत संपलं. धावणारे धावू लागले. त्याने शेजारणीला काहीतरी विचारलं, तिने स्टेजकडे हात करून उत्तर दिलं, आणि त्याने मान डोलावली. दुआनबाई, तिने सांगितलं असणार, फार छान घेतात. आणि त्या नावानेही त्याच्या डोक्यात काही वाजलं नाही, कारण घरी तो तिला कधी दुआन म्हणालाच नव्हता. घरी तो तिला "अगं" म्हणायचा.

तिने फोनवरचं पुढचं गाणं काढून टाकलं आणि जोरातलं लावलं, बांबूच्या पावरीवर सुरू होऊन ढोलांत शिरणारं, जे ती फक्त सणाच्या आधी, तरण्या पोरी जास्त असल्या की लावायची. "उड्या," ती म्हणाली. "गुडघे छातीपर्यंत." पहिल्या रांगेतून सुवनकाकू ओरडल्या, "बाई, आज काय अंगात आलंय? आम्ही म्हाताऱ्या आहोत, बेडूक नाही." रांग हसली. "ज्यांना जमेल त्यांनी," लमदुआन म्हणाली, आणि तिची नजर शेवटच्या रांगेवर होती. तिला ठाऊक होतं. जमेल त्यांनी, असं म्हटलं की तो थांबणार नाही. ताप असताना भातलावणीला जाणारा, तुटक्या शिडीवर चढणारा, लोक बघत असले की पाठीवर दोन पोती घेणारा माणूस. त्याने उडी मारली. परत मारली. तिच्या अंगातून काहीतरी वर चढत आलं, ऊन, गोड, आणि तिला त्याचं नाव माहीत नव्हतं. ती बोट हलवत होती आणि तो उड्या मारत होता. ती "डावीकडे" म्हणत होती आणि तो धडपडत डावीकडे जात होता. आजवर तिने त्याला साधं "मीठ दे" म्हटलं तरी तो आधी एक गोष्ट सांगायचा. तिने वेग आणखी वाढवला. मध्येच, एका उडीच्या आणि दुसऱ्या उडीच्या फटीत, तिला आपल्या मुलाचा आवाज आठवला. बँकॉकहून नव्या वर्षाला फोन आला होता. "बाबा मध्ये आजारी होते, छातीचं काहीतरी. आता बरे आहेत." तिने पुढे विचारलं नव्हतं. दुसरं काहीतरी विचारलं होतं, थंडीचं किंवा पांघरुणाचं.

त्याचा हात छातीशी गेला तो तिने पाहिला. तळवा निळ्या टी-शर्टावर सपाट टेकला, घाम पुसावा तसा, पण पुसला नाही, तिथेच राहिला. कडवं सुरू झालं होतं. ती "एक, दोन" म्हणत राहिली. तो हात तिने पाहिला आणि पाहिला नाही असं तिने ठरवलं, आणि हे ठरवणं इतकं सहज होतं, इतकं सुबक, की तिलाच नवल वाटलं. कडव्यातले शब्द तिला ऐकू येत होते, कोणीतरी कोणाची तरी नदीकाठी वाट पाहत होतं. त्याचा चेहरा ओल्या मातीच्या रंगाचा झाला. तो हसत होता. शेजारीण त्याला काही म्हणाली, त्याने हाताने तिला उडवून लावलं. कडवं संपलं, ढोल सुरू झाले, आणि लमदुआनच्या अंगातली ती गोड ऊब एकदम विटली, तापलेल्या तव्यावर दूध सांडून करपावं तशी.

तिने आवाज निम्म्यावर आणला. "मागे निळ्या शर्टातले काका, खाली बसा." लोक वळले. त्याने दोन्ही हात हलवून दाखवले, ठीक आहे, ठीक आहे, आणि पुन्हा पाय उचलला. "बसा म्हणते ना." तो हसला आणि कमरेत वाकला, आणि वाकलेला सरळ होण्याआधी पुन्हा एक उडी मारली, अर्धवट, पाऊल फरशीवरून नीट सुटलंच नाही. तिथे जायचं म्हटलं तर एवढ्या माणसांतून वाट काढावी लागली असती. पूर्वीची लमदुआन धावली असती, आणि धावताना तिचा आवाज फुटला नसता. तिने माइक तोंडाजवळ घेतला. लग्नानंतरच्या एका तापाच्या दुखण्यात त्याला अंथरुणावर रोखायला एकच गोष्ट कामी आली होती. त्याची म्हातारी आजी दारात येऊन त्याच्या बाळपणीच्या नावाने हाक मारायची. भाताच्या खाचरात टुणटुणत फिरायचा म्हणून ठेवलेलं नाव, छोटा बेडूक. ते नाव या तळ्यावर दोनच माणसांना माहीत होतं, एक तो स्वतः, आणि दुसरी ही. आणि ते उच्चारलं की वर्षानुवर्षं जमवलेलं हे सगळं, ही टोपी, हे अनोळखीपण, ज्याच्या आडून ती त्याला हवं तेवढं पाहू शकत होती, ते संपणार होतं. तिला ते संपायला नको होतं. किती नको होतं, हे तिला तेव्हाच कळलं.

"खियत," ती म्हणाली. "बस खाली."

तो बसला. तिथल्या तिथे, फरशीवर, पाय पसरून, आणि मान वर करून स्टेजकडे बघत राहिला. पुढच्या रांगांत हशा उठला, बेडूक म्हटलं म्हणून, आणि त्याचा चेहरा बघून विरला. "निरमोन," ती माइकमध्येच म्हणाली, कारण सरकारी दवाखान्यातली नर्स निरमोन रोज दुसऱ्या रांगेत असायची, "त्यांच्याकडे बघ जरा. बाकीचे जागेवरच थांबा. सगळे गर्दी करू नका, वारा येऊ दे." ती बोलत होती आणि माणसं ऐकत होती. निरमोन जाऊन त्याच्याशेजारी गुडघ्यावर बसली, मनगट धरलं, काही विचारलं, मग स्टेजकडे बघून मान डोलावली. दम लागलाय, नाडी ठीक आहे. लमदुआनने शेवटचं संथ गाणं लावलं. "हात वर. श्वास आत. हळू. आणखी हळू." तिने नेहमीच्या गतीने नाही मोजलं. निळा टी-शर्ट वर-खाली होत होता त्या गतीने मोजलं, आणि तो धापांतून हळूहळू खाली येत गेला तशी ती मोजत खाली आली. तळ्याकाठी एवढी माणसं एका माणसाच्या श्वासाने श्वास घेत होती आणि त्यांना ते ठाऊक नव्हतं. पाण्यावर तांबडं पसरलं. बदकांच्या नावा काठाला लागत होत्या, नाववाला त्यांना एकीला एक साखळीने बांधत होता.

लोक पांगल्यावर ती खाली उतरली. त्याला झाडाखालच्या बाकावर बसवलं होतं. निरमोन म्हणाली, "बाई, यांच्या हृदयात जाळी बसवली आहे, थंडीत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तळ्याभोवती सावकाश चाला. आणि हे उड्या मारताहेत." मग तिने दोघांच्या चेहऱ्यांकडे एकदा पाहिलं आणि आइस्क्रीमच्या गाडीकडे निघून गेली, पण फार लांब नाही. लमदुआनने आपली पाण्याची बाटली त्याच्या हातात दिली. तो प्यायला. बराच वेळ त्याने झाकण लावलं नाही.

"हा तुझा आवाज आहे?" तो म्हणाला.

"हो."

"आधी नव्हता असा."

"होता. तू बोलत असायचास."

त्याने मान डोलावली. त्याला याच्यावर काही देखणं बोलायचं होतं, हे तिला त्याच्या ओठांवरून कळलं, आणि दम पुरला नाही हेही कळलं. तो बहिणीकडे राहतो, म्हणाला. रयोंगचं संपलं, म्हणाला, त्या बाईने दवाखान्यातून सुटेपर्यंत सगळं केलं आणि मग बहिणीकडे पोचवायची व्यवस्था केली, तिची काही चूक नाही. मग म्हणाला, "कधी ओळखलंस मला?"

"तिसऱ्या गाण्याला."

"म्हणजे राष्ट्रगीताच्याही आधी."

"हो."

"मग उड्यांचं गाणं मुद्दाम लावलंस."

"तुला दमवायचं होतं."

"दमलो," तो म्हणाला, आणि जरासं हसला. इथे ती थांबू शकली असती. तो थांबला होता, त्याने पुढे काही विचारलं नव्हतं. पण ते कडवं, तो सपाट तळवा मनातून जात नव्हता, आणि तिला जाणवलं की हे आपण सांगितलं नाही तर ते आपल्याजवळच राहील, आणि आपल्याजवळ न सांगितलेलं आधीच पुष्कळ आहे. "तुझा हात छातीशी गेला तो मी पाहिला," ती म्हणाली. "पाहिला आणि तरी चालू ठेवलं. एक कडवंभर. मग हाक मारली."

लाल वाटेवरून दोन पोरी सायकलवरून गेल्या, एकमेकींच्या पुढे जाण्यासाठी धापा टाकत. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. त्याला काय वाटेल ते वाटू दे, अशी ती उभी राहिली, पाय जरा फाकवून, स्टेजवर उभी राहायची तशी.

"एकच कडवं?" विचियन म्हणाला. "मला वाटलं असतं, तू पुरं गाणं वाजवशील."

ती हसली. तिला हसायचं नव्हतं, पण हसू आलं, मोठ्याने, आणि ते पाण्यावरून पलीकडे गेलं. निरमोनने गाडीजवळून वळून पाहिलं. त्याच्या बोलण्यावर पूर्वी ती तोंडावर हात धरून हसायची. आता हात कमरेवर होते, ते तिथेच राहिले. हसणं ओसरल्यावर तिला वाटलं होतं तसं काही झालं नाही. डोळे भरले नाहीत, मागचं काही वर आलं नाही. एक माणूस बाकावर बसला होता, त्याचा रंग परत येत होता, आणि तिला भूक लागली होती.

"मी उद्या येऊ का?" त्याने विचारलं.

"पार्क सरकारी आहे. ये. पण मागे नको, पहिल्या रांगेत उभा राहा, सुवनकाकूंच्या शेजारी. मला तू दिसला पाहिजेस. अर्धा वेळ झाला की बसायचं, मी सांगेन तेव्हा नाही, त्याच्या आधी."

"काकू मला मारतील."

"मारतील."

"आणि," तो म्हणाला, आणि या वेळी शब्द शोधताना तिने त्याला मदत केली नाही, नुसती वाट पाहिली, त्याचं वाक्य त्यालाच पुरं करू दिलं. "आणि घरी?"

"घरी नाही," ती म्हणाली.

तिचा आवाज चढला नाही, पडलाही नाही. कसरतीत पुढची दिशा सांगावी इतका तो साधा निघाला. त्याने मान हलवली. तो उठून स्पीकरकडे जायला लागला, जड उचलायची त्याची जुनी खोड, तेव्हा तिने त्याला नुसत्या बोटाने खाली बसवलं. स्पीकर तिने आणि सुवनकाकूंनी उचलला, तिच्या मोटरसायकलच्या बाजूला जोडलेल्या गाड्यात ठेवला, वरून ताडपत्री बांधली. "तोच होता का गं?" काकूंनी गाठ मारता मारता खाली आवाजात विचारलं. "तोच." "मग?" "मग काही नाही. उद्या तुमच्या शेजारी उभा राहील. डावं-उजवं कळत नाही त्याला, सांभाळून घ्या." काकूंनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि गाठ आणखी एकदा आवळली.

वाटेवर दिवे लागले होते. तळ्याला वळसा घालून ती फाटकाच्या दिशेला आली तेव्हा तिच्या लक्षात आलं की पाण्याची बाटली त्याच्याच हातात राहिली. तिने वेग कमी केला. आरशात बाक दिसत होता, त्यावर निळा ठिपका, शेजारी उभी निरमोन. परत जाणं काही लांब नव्हतं. तिने गियर टाकला आणि फाटकातून बाहेर पडली. उद्या आणेल. नाही आणली तर घरी दुसरी आहे.